औंदा कावयाचं घर कुठी?

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात यवतमाळ जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात पारावर तासभर बसलं, की एक प्रश्न निघतोच. वखरणी उरकलेली असते. सरकीच्या पाकिटांचे भाव बोलून झालेले असतात, पीककर्जासाठी बँकेत किती खेटे घातले तेही सांगून झालेलं असतं, आणि हवामान खात्याचा अंदाज मोबाइलवर वाचून त्यावर हसणंही आटोपलेलं असतं. मग कुणीतरी समोरच्या कडुनिंबाकडं मान वर करून विचारतो, औंदा कावयानं घर कुठी केलं?

कावया म्हणजे कावळा. वऱ्हाडी तोंडात 'ळ' सहसा टिकत नाही, त्याचा 'य' होतो. डोळ्याचा डोया होतो, काळ्याचा काया होतो, आणि काळा कावळा हा 'काया कावया' होऊन बसतो. उच्चार मऊ झाला म्हणून पक्ष्याबद्दलचं मत मऊ होतं असं मात्र नाही. वर्षाचे अकरा महिने ज्याला हाड म्हणून हाकलायचं, त्याच्याकडं दोनदाच अदबीनं बघायचं: एकदा रोहिणी निघताना आणि एकदा पितृपक्षात.

रोहिणीतले ठोकताळे ठरलेले आहेत. आंबा, करंज अशा डेरेदार झाडावर घरटं केलं की पाऊस चांगला. बाभळीसारख्या काटेरी झाडावर केलं की ओढ. घरटं झाडाच्या पूर्व अंगाला असलं तर उत्तम, पश्चिमेला असलं तर बेताचा, दक्षिणेला किंवा उत्तरेला असलं तर पाऊस हात आखडणार. पार शेंड्यावर असलं तर दुष्काळ. अंडी चार निघाली तर साल पिकलं, दोन निघाली तर अर्धंमुर्धं, एकच निघालं तर बियाण्याचे पैसेही सुटायचे नाहीत. मारुती चितमपल्ली यांनी हे संकेत लिहून ठेवले आणि उन्हाळा आला की ते वर्तमानपत्रांतून फिरून फिरून छापले जातात. सोलापुरात १९३२ साली जन्मलेले चितमपल्ली वनखात्यात अधिकारी होते. नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट ही त्यांची कर्मभूमी. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये, ऐन मृगात, ते गेले. कावळ्यांच्या वीण-वसाहतीला 'काकागार' हा नेटका मराठी शब्द त्यांनी रुळवला.

पण हे ठोकताळे चितमपल्लींहूनच काय, मराठी भाषेहूनही जुने आहेत. सहाव्या शतकात उज्जैनच्या वराहमिहिरानं 'बृहत्संहिता' लिहिली. तिच्यात कावळ्याच्या शकुनांचा एक आख्खा अध्याय आहे, 'वायसविरुत' नावाचा. वैशाखात निरोगी झाडावर घरटं झालं तर सुकाळ, काटेरी किंवा वाळक्या झाडावर झालं तर दुष्काळाचं भय, असं तिथं आहे. पिल्लं दोन, तीन किंवा चार असली तर बरं, एकच अंडं घातलं तर वाईट, हेही आहे. उज्जैनच्या पंडितानं सांगितलेलं आणि राळेगाव-मारेगावच्या शेतकऱ्याला पाठ असलेलं इतकं जुळावं, हे बघून माणूस चाट पडतो. पुढं मात्र गाडी अडते. वराहमिहिर म्हणतो, घरटं शेंड्यावर असलं तर पाऊस जोरदार. आपल्याकडं नेमकं उलटं. पूर्वेच्या फांदीला तो शरद ऋतूतला पाऊस देतो, म्हणजे सोयाबीन काढणीला आलं असताना आणि कापूस फुटत असताना. यवतमाळच्या शेतकऱ्याला तो पाऊस कुणी फुकट दिला तरी नको असतो.

दोन शकुनशास्त्रं एकाच झाडाखाली उभी राहून भांडू लागली, की तिसऱ्यानं वर बघावं. झाडावर नेमकं काय चाललंय?

आधी कोणता कावळा, हे ठरवावं लागतं. जिल्ह्यात दोन जातीचे कावळे आहेत. गावातला तो गावकावळा: मान, मानेमागचा भाग आणि छाती राखाडी, बाकी काळा. लांबी साधारण ४० सेंटिमीटर, वजन ३०० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे पाव किलोहून थोडं जास्त. एवढंसं वजन आणि आख्ख्या गल्लीवर दरारा. दुसरा डोमकावळा: चोचीच्या टोकापासून शेपटीपर्यंत काळाकुट्ट, अंगानं थोराड, चोच जाड आणि वरून कमानदार, आवाज घोगरा. गावकावळा माणसाला सोडून राहत नाही, डोमकावळा रानातही सुखानं नांदतो. गावकावळ्याचं शास्त्रीय नाव आहे 'कॉर्व्हस स्प्लेन्डेन्स'. १८१७ साली व्हिय्यो या फ्रेंच पक्षितज्ज्ञानं ते दिलं. स्प्लेन्डेन्स म्हणजे झळाळणारा. हा फ्रेंच गृहस्थ थट्टा करत होता असं वाटण्यापूर्वी एखादा कावळा सकाळच्या तिरप्या उन्हात जवळून बघावा. पाठीवर निळी, जांभळी, हिरवट झाक अशी सरकते, जशी पैठणीच्या पदरावर सरकते.

नर आणि मादी दिसायला सारखेच. कोण कोण आहे ते कावळ्यांना कळतं, आपल्याला कळायला घरट्याजवळ चिकाटीनं बसावं लागतं. बरं, नावात कावळा असलेले सगळे कावळे नसतात. तलावाकाठी पंख पसरून वाळवत बसणारा पाणकावळा कावळ्याच्या कुळातला नाही. उलट लांब शेपटीचा, बदामी रंगाचा टकाचोर दिसायला कुठूनच कावळा वाटत नाही, पण तो कावळ्याचा सख्खा भाऊबंद आहे. टिपेश्वरच्या सागवानात तो हमखास भेटतो.

आता मुद्द्याचं. डोमकावळा घरट्याला लवकर लागतो. थंडी ओसरली की त्याची लगबग सुरू होते आणि उन्हाळा तापेपर्यंत बरंचसं आटोपतं. गावकावळ्याचा मुख्य हंगाम एप्रिलपासून पावसाळ्याच्या सुरुवातीपर्यंत चालतो. म्हणजे मेअखेर पारावरून दिसणारं घरटं डोमकावळ्याचं असेल, तर ते पावसाबद्दल काही सांगण्याच्या वयाचं उरलेलं नसतं. एकच आंब्याचं झाड बघून दोन शेतकरी दोन निष्कर्ष काढतात, त्यात निम्मा वाटा या घोटाळ्याचा असावा.

घरटं म्हणाल तर काटक्यांचं वाडगं. चिऊ-काऊच्या गोष्टीत कावळ्याचं घर शेणाचं असतं आणि पावसात वाहून जातं. मराठी घरातल्या प्रत्येक पोरानं ही बदनामी भात खाताना गिळलेली आहे. प्रत्यक्षात कावळा शेणाला हात, म्हणजे चोच लावत नाही. तो वाळक्या काटक्या निवडतो, आणि वाकवून, खुपसून, बाहेर आलेलं टोक पुन्हा आत ओढून त्या फांदीच्या बेचक्यात गुंफतो. आतला खळगा मऊ करायला काथ्या, गोणपाटाचे धागे, चिंध्या, केस, जे सापडेल ते. खाटेच्या सुंभाचा एक पेड सुटलेला दिसला की तो चोचीत धरून, दोन्ही पाय खाटेच्या माचव्याला रोवून, मागं झुकून ओढणारा कावळा बघण्यासारखा असतो. सुंभ तुटत नाही. तो थांबतो, मान तिरपी करून पीळ बघतो, आणि मग ओढण्याऐवजी एकाच जागी टोच मारत बसतो. चार-पाच टोचांनंतर पेड हातात येतो.

तार मिळाली तर काटकीपेक्षा तिला पसंती. बांधकामावर पडलेली बांधणीची तार, कुंपणाची तार, सायकलच्या चाकाचे आरे, सगळं चालतं. तारेचं घरटं वादळात हलत नाही. भानगड होते ती असं घरटं विजेच्या खांबावर, नाहीतर डीपीच्या माथ्यावर बांधलं की. पहिल्या सरीत ते भिजतं, दोन तारा जुळतात, ठिणगी उडते आणि गाव अंधारात. म्हणून पावसाळ्यापूर्वीच्या कामांत फांद्या छाटण्याबरोबर लाइनमनला घरटी उतरवण्याचंही काम असतं. कावळ्याची जोडी खालच्या तारेवर बसून त्याला शिव्या घालते आणि तो उतरून गेला, की त्यानं खाली फेकलेल्या तारा उचलून दुसऱ्या खांबाकडं जाते.

खांबच का? त्याचं उत्तर रस्त्याकडं बघितलं की मिळतं. कळंब, यवतमाळ, आर्णी, महागाव, उमरखेडवरून जाणारा नागपूर–तुळजापूर महामार्ग चौपदरी झाला, गाड्या सुसाट झाल्या आणि कडेची जुनी सावली गेली. ज्या गावच्या वेशीवर आंबा आणि करंज उरले नाहीत, तिथं कावळा बाभळीवर जाणार, बाभूळही नसेल तर मोबाइलच्या टॉवरवर. काटेरी झाडावरच्या घरट्याचा अर्थ तिथं एवढाच की दुसरं झाड नव्हतं. टॉवरवरच्या घरट्याचा शकुन वराहमिहिराकडंही सापडायचा नाही.

अंडी फिकट निळसर हिरवी, त्यावर तपकिरी शिंतोडे. बहुधा चार किंवा पाच. ती उबवायला सोळा-सतरा दिवस लागतात. उबवणं हा शब्द पुण्या-नाशकाकडं शोभतो; यवतमाळात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर असतो तेव्हा काम उलटं असतं. मादी अंड्यांवर बसते ती त्यांना ऊन लागू नये म्हणून. दुपारी दोन वाजता घरट्यात बसलेल्या कावळीची चोच उघडी असते आणि गळ्याची कातडी भराभर थरथरत असते. पक्ष्यांना घाम येत नाही. अंगातली उष्णता बाहेर टाकायचा हा त्यांचा मार्ग. काळ्या अंगानं, बिनछपराच्या घरात, त्या उन्हात ती दिवसचे दिवस काढते. नर घास आणून भरवतो, पहारा देतो, आणि अधूनमधून पहाऱ्यातच फसतो.

फसवणारा ठरलेला. मार्चपासून ज्याच्या गळ्यानं आमराया घुमतात तो कोकीळ. कवितेत गाणारी कोकिळा असते, झाडावर गाणारा नर असतो. काळा तुकतुकीत, लाल डोळ्यांचा. मादी तपकिरी, अंगभर पांढरट ठिपके, आवाज चिरका. नर घरट्याजवळ येऊन मुद्दाम दिसतो, कावळ्याची जोडी चवताळून त्याच्या मागं लागते आणि तेवढ्या वेळात मादी अंडं टाकून निघून जाते. हे अंडं कावळ्याच्या अंड्याहून लहान, रंगानं मात्र बरंच मिळतंजुळतं. ते फुटतं बारा-चौदा दिवसांत, म्हणजे यजमानाच्या लेकरांच्या आधी. युरोपातल्या कक्कूचं पिल्लू घरमालकाची अंडी पाठीनं बाहेर लोटतं. आपल्या कोकिळाचं पिल्लू इतकं निर्दय नसतं, ते बहुधा भावंडांबरोबर वाढतं. पण आधी जन्मल्यानं घासातला मोठा वाटा तेच उचलतं. कधी एका घरट्यात अशी दोन-तीन आगंतुकं निघतात. पुढं उडायला लागल्यावरही आठवडा-दोन आठवडे कावळी त्याच्या लाल तोंडात किडे कोंबत फिरते. ज्याच्या बुद्धीचे जगभर गोडवे गातात, तो पक्षी दरवर्षी याच एका परीक्षेत नापास होतो.

बुद्धीचे गोडवे खोटे नाहीत. मडक्यात खडे टाकणाऱ्या तहानलेल्या कावळ्याची गोष्ट २००९ साली इंग्लंडमध्ये खरोखर करून बघितली गेली. संशोधकाचं आडनाव होतं बर्ड, हे कुणी रचून सांगितलं तर खोटं वाटेल. ख्रिस्तोफर बर्ड आणि नेथन एमरी यांनी रूक जातीच्या चार कावळ्यांपुढं काचेची नळी ठेवली, तळाशी पाणी आणि पाण्यावर तरंगणारी अळी. कावळ्यांनी दगड टाकून पाणी वर आणलं, लहान दगडांपेक्षा मोठे वापरायला ते शिकले, आणि पाण्याऐवजी लाकडाचा भुसा असेल तर दगड टाकून उपयोग नाही हेही त्यांना उमगलं. अमेरिकेत सिएटलला जॉन मार्झलफ यांनी २००६ साली एक विचित्र मुखवटा घालून सात कावळे पकडले, खुणेचे वाळे घातले आणि सोडून दिले. पुढं तो मुखवटा घालून कुणीही विद्यापीठाच्या आवारात फिरलं की कावळे कलकलाट करत अंगावर येत. वर्षं लोटली तरी, आणि ज्यांना कधी पकडलंच नव्हतं ते कावळेसुद्धा. राग पोरांना वारशात मिळाला होता.

यवतमाळात यासाठी मुखवटा लागत नाही. जूनमध्ये शहरातल्या एखाद्या गल्लीत शाळकरी मुलं एकाच घरासमोरून डोक्यावर दप्तर धरून पळताना दिसतात. वर कावळ्याचं पिल्लू नुकतं घरट्याबाहेर पडलेलं असतं. उडता धड येत नाही, ते कुंपणावर, स्कूटरवर, कधी जमिनीवर बसतं. आईबाप मागून येऊन टाळक्यावर चोच मारतात, आणि समोरासमोर सहसा मारत नाहीत. पाठ वळली की मारतात. एकदा त्या पिल्लाला हात लावलेला माणूस पुढचे कित्येक दिवस ओळखून टिपला जातो.

हा जूनच या सगळ्याची गुरुकिल्ली आहे. पिल्लं अंड्यातून निघाली की तीन ते चार आठवडे घरट्यात असतात, आंधळी, उघडी, सतत वासलेलं तोंड. बाहेर पडल्यावरही ती काही आठवडे आईबापांच्याच जिवावर असतात. वाळलेल्या मेमध्ये त्यांना घालायला फारसं काही नसतं: उकिरडा, उष्टं, सरडे, दुसऱ्यांची अंडी, रस्त्यावर चिरडलेलं काही. पहिला पाऊस पडला की जमीन उघडते. वाळवी पंख लावून बाहेर येते, किडे, अळ्या, बेडूक, गांडुळं, सगळं एकदम. नांगरामागं, वखरामागं, तिफणीमागं सऱ्यांतून चालत हुमणीच्या अळ्या वेचणारे कावळे तेव्हाच दिसतात. गावकावळा एप्रिल-मेच्या भट्टीत अंडी घालतो ती याच हिशेबानं. पिल्लांची भूक वाढेल आणि पाऊस येईल, ही गाठ पडावी म्हणून.

म्हणजे कावळा पाऊस सांगत नाही, पावसावर पैज लावतो. मृगाच्या भरवशावर धूळपेरणी करणारा कोरडवाहू शेतकरी करतो तेच. वर्षाकाठी सुमारे ९०० मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत. त्याच्याच तोंडाकडं दोघंही बघतात. पावसानं दडी मारली तर एकाला दुबार पेरणी. दुसऱ्याचा हिशेब आणखी कठोर असतो. कावळी पहिलं अंडं घातल्यापासूनच बसायला लागते, त्यामुळं पिल्लं एका दिवशी निघत नाहीत, मागंपुढं निघतात. थोरलं अंगानं मोठं, धाकटं काडी. घास मुबलक असला तर चौघं जगतात. कमी पडला तर तो थोरल्याच्या उंच तोंडात जातो आणि धाकटं दोन दिवसांत संपतं. चार अंड्यांचा शकुन इथं फिरून येतो, पण वेगळ्या अर्थानं. अंडी किती पडतील ते मादी त्याआधी काय खाऊन जगली यावर बरंचसं ठरतं. अंडी मागचा काळ सांगतात. पुढचा काळ कसा निघाला ते जुलैत आईमागं किती पोरं ओरडत फिरतात त्यावरून कळतं, पण तोवर पारावर बसायला कुणाला सवड नसते.

पावसाची सूचना देणारा आणखी एक पक्षी विदर्भात मानाचा आहे, पावशा. 'पेरते व्हा' म्हणून तो शेतकऱ्याला हाक देतो असं म्हणतात. तोही कोकिळाच्याच कुळातला, सातभाईच्या घरट्यात अंडी टाकणारा. पेरायला सांगायचं जगाला आणि राखण करायला लावायची दुसऱ्याला! त्याच्यापुढं कावळा फारच सरळमार्गी म्हणावा लागेल.

शेतकऱ्याच्या हिशेबात कावळा जमा की खर्च, हे एका वाक्यात सांगता येत नाही. हुमणी खातो, उंदराची पिल्लं खातो, म्हशीच्या पाठीवर बसून कानामागचे गोचीड टिपतो. म्हैस डोळे मिटून घेते. त्याच म्हशीला जखम झालेली असली तर तो ती टोचून मोठी करतो. जुवानं सोललेला बैलाचा खांदा हळद-तेल लावून झाकावा लागतो तो माश्यांइतकाच कावळ्यांपायी. भुईमूग उकरतो, मक्याचं कणीस सोलतो, कोंबडीमागं निघालेलं शेवटचं पिल्लू उचलतो. कापसाच्या बोंडाशी मात्र त्याचं काही देणंघेणं नाही.

देणंघेणं आहे ते कापसावरच्या फवारणीशी. २०१७च्या पावसाळ्यात याच जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि यवतमाळचं नाव देशभर झालं. त्या वेळी चर्चेत आलेल्या औषधांत मोनोक्रोटोफॉस होतं. ते माणसाइतकंच पाखरांना जहाल. अर्जेंटिनात १९९५-९६च्या हंगामात टोळांवर ते फवारलं, आणि टोळ खाऊन हजारो स्वेन्सन ससाणे शेतात मरून पडले होते. फवारलेल्या तासात तडफडणारी अळी ही कावळ्याच्या दृष्टीनं सगळ्यात सोपी शिकार असते.

मेलेलं जनावर जिथं टाकतात तिथं पूर्वी गिधाडं पहिल्या पंगतीला असत. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅकनं गिधाडं संपवली. २००६ साली त्या औषधाच्या जनावरांवरच्या वापराला बंदी आली तोवर पंगत उठली होती. आता कुत्री आणि कावळे. रानात हे काम डोमकावळ्याचं. टिपेश्वर अभयारण्य १४८ चौरस किलोमीटरचं, वाघांसाठी नाव काढलेलं. तिथं किंवा कुठल्याही जंगलात वाघानं जनावर मारून झुडपात ओढलं, की पहिली बातमी डोमकावळ्याला लागते. तो एकाच झाडावर बसून खाली बघत ओरडू लागला आणि खाली उतरायला मात्र धजत नसला, तर वनरक्षक तिथून पुढं पाय जपून टाकतो. धनी अजून ताटावरच बसलेला असतो.

कायद्यानं कावळ्याला फार काळ उपद्रवी ठरवलं होतं. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पाचव्या परिशिष्टात गावकावळा उंदीर आणि घुशींच्या रांगेत बसला होता. नंतरच्या दुरुस्तीनं ते परिशिष्टच गेलं आणि १ एप्रिल २०२३पासून कावळा त्या यादीतून सुटला. परदेशात त्याची बदनामी आणखी मोठी आहे. हा पक्षी मूळचा आपल्या उपखंडातला. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात झांझिबार बेटावर कचरा साफ करायला म्हणून गावकावळे नेऊन सोडले, काही जहाजांवर बसून आपले आपण गेले, आणि पूर्व आफ्रिकेचा किनारा त्यांनी व्यापला. तिथल्या पाखरांची अंडी-पिल्लं त्यांनी फस्त केली. जून २०२४मध्ये केनियाच्या वन्यजीव विभागानं वर्षअखेरपर्यंत दहा लाख गावकावळे विष घालून मारण्याचा बेत जाहीर केला. आपण ज्याच्यासाठी पान मांडून विनवण्या करतो, त्याच्यासाठी मोंबासात विषारी मांसाचे तुकडे मांडले जातात.

इकडं त्याला मारतो तो बर्ड फ्लू. जानेवारी २०२१मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्यात कोंबड्या मेल्या तेव्हा दापोलीत आणि ठाण्यात मेलेल्या पाखरांतही तो विषाणू सापडला होता. जानेवारी २०२५मध्ये लातूर जिल्ह्यातल्या उदगीर शहरात सुमारे ५० कावळे पटापट पडले आणि भोपाळच्या प्रयोगशाळेनं तेच निदान दिलं. कावळे संध्याकाळी एका झाडावर शेकड्यांनी मुक्कामाला जमतात. सूर्य कलला की चौफेर शेतांतून रांगा लागतात, आधी एखाद्या मोकळ्या जागेत सभा भरते, भांडणं होतात, जागांच्या अदलाबदली होतात आणि अंधार पडता पडता सगळे एकदम गप्प होतात. रोगाला याहून सोयीची जागा नाही.

श्रावण सरला की कावळ्याचं पिसं गाळणं रंगात येतं. संसार उरकलेला, पोरं सुटलेली, अंगावर जुनी विटकी पिसं आणि मधूनच नवी काळी कांब. पंखात एखाद-दुसरं खिंडार पडलेलं. वर्षातलं त्याचं सगळ्यात गबाळं रूप हेच, आणि नेमका हाच पितृपक्ष. एरवीही, कुणी गेलं की दहाव्याच्या पिंडाला तो शिवला नाही तर घाटावरची माणसं तासन्‌तास ताटकळतात, गेलेल्याच्या राहिलेल्या इच्छा एकेक करून मोठ्यानं सांगतात, लेकीच्या लग्नाचं वचन देतात, आणि तरीही नाहीच आला तर दर्भाचा कावळा करून वेळ निभावतात. त्याच्या न येण्याची कारणं साधी असतात. एकतर पोट भरलेलं असतं, नाहीतर अनोळखी गर्दीत उतरायची त्याची तयारी नसते. पाच पावलांवर वीस माणसं टक लावून बघत असताना जेवायला कोण बसेल?

पितृमोक्ष अमावस्येला यवतमाळच्या जुन्या वस्तीत दुपारी बाराच्या सुमारास टिनांवर, कौलांवर पानं दिसू लागतात. वडे, कढी, खीर, कोहळ्याची भाजी. घरोघरी हाका सुरू असतात आणि कावळे मोजके. पहिल्या घरी ते अधाशासारखे खातात, तिसऱ्या घरी निवडून खातात. खीर चोच बुडवून बघतात आणि सोडतात. वडा कडक असेल तर एखादा तो उचलून शेजारच्या अंगणातल्या गुरांच्या पाण्याच्या टाक्याकडं नेतो, काठावर बसून बुडवतो, वर काढतो, पुन्हा बुडवतो. मऊ झाला की पायाखाली धरून फोडतो. चौथ्या पानापर्यंत पोट भरलेलं असतं.

तेव्हा एका कौलारू घरावर आलेला गावकावळा, मानेची पिसं विस्कटलेली, शेपटीत एक पीस कमी, पानातला धडधाकट वडा उचलतो. खाली ओसरीत हात जोडले जातात. तो उडून दोन घरं पलीकडं जातो, आजूबाजूला दुसरा कावळा नाही ना हे मान वळवून दोनदा बघतो, एक कौल जरा उचललेलं असतं त्याच्या फटीत वडा सरकवतो, चोचीनं आत ढकलतो, आणि पन्हाळीतलं वाळकं पिंपळपान आणून त्यावर ठेवतो.